मांजराला हवा स्वतःचा माळा

नवा सोफा घरात येऊन आठवडाही होत नाही, तोच त्याच्या कडेचे धागे लोंबू लागतात. पडद्यावर पंजांच्या खुणा उमटतात. कपाटावरची बरणी खाली येऊन फुटते. मांजराला दटावून, हाकलून सगळे थकतात आणि एक दिवस घरात ठरते की त्याला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यायचे. ही शिक्षा आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. मात्र पाळलेला प्राणी सबळ कारणाशिवाय असा वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. खरे तर एवढ्या टोकाला जायची गरजच नसते. एक लाकडी खांब आणि थोडा सुंभ यांनी निम्मे काम होते.

खोड नव्हे, गरज

मांजर ओरबाडते ते सूड म्हणून नव्हे. त्यामुळे नखांवरचे जुने कवच गळते, पाठ आणि खांदे ताणले जातात आणि पंजातल्या ग्रंथींचा वास त्या जागी राहतो. ‘ही जागा माझी’ असे सांगण्याची ही त्याची रीत आहे. उंचावर बसणेही तसेच. तिथून सगळे दिसते आणि कुत्र्यापासून, लहान मुलांपासून सुटका मिळते. भिलाईच्या मैत्रीबागेतले पांढरे वाघ याच कुळातले. प्राणिसंग्रहालयांतून मोठ्या मार्जारांना ओंडके आणि मचाणे देतात, ती याच कारणासाठी.

उतईसारख्या गावातल्या जुन्या मातीच्या, कौलारू घरात मांजराला हे सारे आपोआप मिळत असे. चढायला आढे-वासे होते, बसायला धान्याची कोठी होती, नखे घासायला अंगणातले झाड होते. १९५९ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली, शेजारी क्वार्टर्स उभी राहिली आणि पुढे सिमेंटची घरे आसपासच्या गावांतही पोहोचली. गुळगुळीत भिंती आणि सपाट स्लॅबच्या घरात मांजराला चढण्याजोगे उरले ते पडदे, कपाट आणि सोफा!

असा बनवा माळा

गावातला कोणताही सुतार हे काम एका दिवसात करून देईल. घरात करवत आणि ड्रिल असेल तर तुम्हीही करू शकाल.

तळासाठी जाड प्लायवुडचा दोन फूट बाय दोन फूट तुकडा घ्या. त्यावर चार इंच जाडीची, वाळलेली, कीड नसलेली बल्ली खालून लांब स्क्रू मारून उभी करा. ओरबाडण्यासाठी निदान तीन फूट मोकळा खांब हवा, कारण मांजराला पूर्ण अंग ताणता आले पाहिजे. त्यावर एक सेंटिमीटर जाडीचा सुंभ किंवा घायपाताचा दोर घट्ट गुंडाळा. तीन फुटांना सुमारे ३० ते ३२ मीटर दोर लागतो. नायलॉनची दोरी नको, तिच्या धाग्यात नखे अडकतात. दोराची टोके पक्की करा, खिळ्याचे डोके बाहेर राहू देऊ नका.

शेजारी दुसऱ्या बल्लीवर एक-सव्वा फुटाच्या अंतराने फळ्या बसवा. प्रत्येक फळी किमान फूटभर रुंद हवी. त्यावर जुन्या चादरीचे किंवा गोणपाटाचे तुकडे घाला, म्हणजे पाय घसरणार नाहीत. घरात दोन मांजरे असतील तर वरच्या जागाही दोन ठेवा, नाहीतर रोज भांडण.

एवढे जपा

माळा भिंतीला लोखंडी अँगलने बांधायलाच हवा. वरच्या टोकाला हाताने जोरात ढकलून पाहा. हलला, तर मांजराच्या उडीने तो कोसळेल. एकदा कोसळला की मांजर पुन्हा त्याकडे फिरकणार नाही. छताच्या पंख्यापासून तो लांब ठेवा. वरच्या फळीवरून मारलेली उडी थेट पात्यांत जाऊ शकते.

खिडकीजवळची जागा मांजराला आवडते, पण त्या खिडकीला जाळी हवी. मांजर उंचावरून पडले तरी पायांवरच उतरते, या समजुतीवर विसंबू नका. न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी १९८७ साली इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची पाहणी प्रसिद्ध केली. उपचारासाठी आणलेल्यांपैकी बहुतेक वाचली, पण छातीला आणि जबड्याला झालेल्या जखमा फार होत्या.

दुर्ग-भिलाईत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा छताजवळची हवा सर्वात तापलेली असते. म्हणून तळाशी सावलीचा एक खोका ठेवा, जवळ पाण्याची वाटीही. माळा फिनाइलने पुसू नका; मांजर पंजे चाटते आणि त्यातली द्रव्ये त्याच्या शरीराला पचत नाहीत.

सुरुवातीला मांजर माळ्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. त्याला उचलून वर ठेवू नका. सोफ्याचा जो कोपरा फाटला आहे, अगदी त्याच्या शेजारी माळा उभा करा आणि फळीवर सुक्या मासळीचा तुकडा ठेवा. सवय लागली की माळा हळूहळू, थोडा-थोडा सरकवत हव्या त्या जागी न्या. वर्षभराने सुंभ फाटलेला दिसेल, तेव्हा वैतागू नका. तेवढा सोफा वाचला, असे समजून नवा दोर गुंडाळा.