नकलेचा विटाळ

तैलरंग शिकू पाहणाऱ्या कोणी एखाद्या वास्तववादी निसर्गचित्राची नक्कल करायला घेतली, की आपल्याकडील सुशिक्षित मंडळी नाक मुरडतात. 'स्वतःचे काही काढ' हा उपदेश ठरलेला. वर्ध्यात तर या उपदेशाला नई तालीमचे पुण्यही जोडता येते. देवीप्रसाद १९४४ ते १९६२ या काळात सेवाग्रामला कला शिकवत होते. मुलाची अभिव्यक्ती मुलाचीच असावी, मोठ्यांचे साचे तिच्यावर लादू नयेत, ही त्यांची भूमिका होती आणि ती योग्यच होती. पण आठ वर्षांच्या मुलासाठी घेतलेली भूमिका विशीतल्या विद्यार्थ्याला तंत्रापासून दूर ठेवण्यासाठी वापरणे, हा तत्त्वाच्या नावाखालचा आळस आहे.

याच परंपरेचा इतिहास काय सांगतो? देवीप्रसाद हे कलाभवनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. हेच नंदलाल १९१० च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूबरोबर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते. पुढे १९३८ साली हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी जी चित्रे केली, ती नकलेने पंगू झालेल्या हाताची आहेत असे कोण म्हणेल? इंग्लंडचा कॉन्स्टेबल घ्या. 'द हे वेन' १८२१ साली प्रदर्शित झाले होते. त्यानंतर दोन वर्षांनी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, हा सिद्धहस्त चित्रकार क्लोद लोरँच्या निसर्गचित्राची नक्कल करत बसला होता.

नक्कल शिकवते ते विषय नव्हे, क्रम शिकवते. आधी पातळ, टर्पेंटाइनमिश्रित थर आणि त्यावर अधिक तेलाचा. उलट केले तर रंग पुढे तडकतो. दूरची टेकडी फिकट होते, तिच्यातला छायाप्रकाशाचा भेद कमी होतो. सावली म्हणजे काळा रंग नव्हे. हे वाचून कळते. हाताला मात्र ते दुसऱ्याच्या चित्रातील प्रत्येक निर्णय पुन्हा घेतल्यावरच कळते. टकळी फिरवणेही कोणी 'मौलिकपणे' शिकत नाही. ज्या नई तालीमने हाताच्या कामातून ज्ञान मागितले, तिचा दाखला नकलेविरुद्ध देणे हा विनोदच म्हणायचा.

आक्षेप घ्यायचाच तर तो वेगळ्या ठिकाणी घ्यावा. बर्फाच्छादित शिखरे आणि सूचिपर्णी वृक्ष असलेले कॅलेंडर समोर ठेवून ते जसेच्या तसे उतरवणे, किंवा नकलेवर स्वतःची सही ठोकणे, हे निषेधार्हच आहे. पहिल्यात डोळा झोपतो, दुसऱ्यात सचोटी. नकलेच्या मागे मूळ चित्रकाराचे नाव लिहावे आणि दुसऱ्या दिवशी पवनारला धाम नदीच्या काठी जाऊन बसावे. मे महिन्यातील दुपारचे वैदर्भीय ऊन क्लोदच्या सोनेरी धुक्याला जुमानत नाही. उधार घेतलेली रीत कुठे तोकडी पडते हे त्या काळ्या खडकांसमोर कळते आणि मौलिकता सुरू झालीच तर तिथून होते. ज्याच्याजवळ रीतच नाही, त्याला तिचे तोकडेपण तरी कसे जाणवणार?

साहित्याच्या अध्यापकांना हे वेगळे सांगायला नको. एकही ओवी न रचता मुक्तछंदाकडे धावणारे विद्यार्थी आपण दरवर्षी पाहतो. त्यांना आपण स्वातंत्र्य दिलेले नसते. फक्त शिकवायचे टाळलेले असते.