शोभा आपली, जीव माशाचा

ईदी हातात आली की मुलांच्या डोक्यात काय काय येते! गेली काही वर्षे आम्ही पाहतो आहोत, सायकल आणि मोबाईलच्या जोडीला माशांची काचपेटीही त्या यादीत येऊन बसली आहे. मांजर अम्मीला नको असते, सोफ्यावर केस होतात म्हणून. आपल्याकडचा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणे तर कायद्याने गुन्हाच आहे. मग उरतात मासे. अब्बू मुलांना घेऊन मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला, नाहीतर गावातल्या दुकानात जातात. दोन फुटांची पेटी, चार गोल्डफिश, आणि येता येता एक किल्ला, एक कमानीचा पूल, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या, गुलाबी खडे, जांभळी प्लॅस्टिकची झाडे. माशांपेक्षा या सामानावरच जास्त पैसे जातात.

खाणे किती द्यावे, पाणी कधी बदलावे, हे दुकानदार निदान दोन वाक्यांत सांगतो. सजावटीबद्दल मात्र कोणी काही बोलत नाही. ती निर्जीव, ती कोणाचे काय वाकडे करणार, असा आपला समज. या महिन्यात आम्हाला याच समजाबद्दल लिहायचे आहे.

निमित्त झाले सहावीतल्या एका मुलाचे. त्याच्या पेटीतला सकर मासा किल्ल्याच्या खिडकीत अडकून मेला. मधल्या सुट्टीत तो आमच्याकडे आला आणि विचारले, "सर, याचा गुनाह कोणाला? अब्बूंना, मला की दुकानवाल्याला?" मुले असा प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना गप्प बसवणारे उत्तर नको असते, खरे उत्तर हवे असते. जाणूनबुजून केलेले आणि नकळत झालेले यांत फरक आहे, हे आम्ही त्याला सांगितले. पण पुढच्या वेळी ते नकळत राहणार नाही, हेही सांगावे लागले.

घरात जीव पाळायला दीनमध्ये मनाई नाही. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याकडे एक छोटा पक्षी होता. प्रेषित मुहम्मद (स.) त्या घरी जात तेव्हा त्या लहानग्याशी थट्टामस्करी करत पक्ष्याची चौकशी करत. याच हदीसवरून अनेक उलमांनी पक्षी पाळणे जायज म्हटले, मात्र त्याच्या दाण्यापाण्यात हयगय होऊ नये ही अट घालून. दुसरी हदीस तर आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते: एका बाईने मांजर कोंडले, स्वतः खायला दिले नाही आणि बाहेर जाऊन खायलाही सोडले नाही, म्हणून ती अजाबाला पात्र ठरली. या हदीसचा रोख आम्हाला कोंडण्यावर दिसतो. ज्याने दार बंद केले, आतल्या जिवाची सगळी जबाबदारी त्याची.

मासा तर मांजराहून अधिक कोंडलेला. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला खराब दाणा दिला तर तो चोच फिरवतो. माशाला पाण्यापासून तोंड फिरवता येत नाही. रात्रंदिवस तेच पाणी त्याच्या कल्ल्यांतून जाते आणि त्यात जे विरघळले असेल ते थेट रक्तात उतरते. म्हणून पेटीत ठेवलेली प्रत्येक वस्तू ही एका अर्थी माशाला पाजलेली वस्तू आहे.

आता सामानाकडे वळू. किल्ले, पूल, गुहा, जहाजे हे बहुतेक रेझिनचे असतात आणि वरून रंगवलेले. माशांसाठी म्हणून नीट बनवलेल्या वस्तूवर रंगाच्या वर पक्का लेप असतो, तो पाणी आत जाऊ देत नाही. स्वस्त मालात हा लेप पातळ असतो किंवा नसतोच. काही महिन्यांत रंगाचे पोपडे निघतात, मासे ते खाणे समजून तोंडात घेतात. दिवाणखान्याच्या शोकेससाठी बनलेली वस्तू, मुलांचे जुने खेळणे, कीचेन, असे काही पेटीत टाकू नये, कारण त्या वस्तू महिनोन्‌महिने पाण्यात राहण्यासाठी बनलेल्याच नसतात. बाजारात कवट्या, जलपऱ्या, माणसांचे पुतळेही मिळतात. असे पुतळे घरात ठेवण्याबद्दल उलमा काय म्हणतात ते वाचकांना माहीत आहे, त्यात आम्ही शिरत नाही. पण कवटीच्या डोळ्यांची भोके माशाच्या डोक्याएवढीच असतात, एवढे मात्र सांगतो.

भोकांचा मुद्दा मोठा आहे. मासा पुढे पोहतो, मागे सरकणे त्याला कठीण जाते. सकरच्या परांना ताठ काटे असतात. घाबरला की तो ते फाकवतो आणि मग ओढूनही निघत नाही. शिवाय आज सहज आत-बाहेर करणारा मासा चार महिन्यांनी वाढलेला असतो, खिडकी तेवढीच राहते. म्हणून भोक एक तर इतके लहान असावे की डोकेच जाणार नाही, किंवा इतके मोठे की मासा आत वळून बाहेर येऊ शकेल. मधल्या मापाची भोके फिल्टरच्या स्पंजचा तुकडा कोंबून बंद करावीत. पोकळ वस्तूच्या पोटात उरलेले अन्न साचून सडते, म्हणून पाणी बदलताना तीही उलटी करून रिकामी करावी.

प्लॅस्टिकच्या झाडांची पाने कडेला धारदार असतात. गप्पीला त्याचे फारसे काही नाही, पण लांब झुलत्या परांच्या फायटरचे पर त्यावर फाटतात, आणि फाटलेल्या जागी घाण पाण्यात जंतू शिरतात. बाहेर आलेल्या डोळ्यांच्या काळ्या मूर माशाला तर अशा पानाने डोळाच गमवावा लागतो. घरबसल्या तपासण्याची युक्ती सोपी आहे. अम्मीची जुनी जॉर्जेटची ओढणी किंवा नायलॉनचा पातळ मोजा घ्या आणि त्या पानांवरून, किल्ल्याच्या कडांवरून हलकेच फिरवा. धागा अडकला तर पर अडकणार. कडा बारीक पॉलिश पेपरने घासता येतात, पण घासल्यावर रंग उडाला तर ती वस्तू गेली समजा. कापडी रेशमी पानांची झाडे मऊ असतात, तरी त्यांच्या देठात कधी लोखंडी तार असते. ती गंजते. बुंध्याला शिशाची पट्टी गुंडाळलेली असेल तर तीही काढून टाकावी.

धातूंबद्दल आमचे मत कडक आहे: पेटीत धातू नको. नक्षीचा तांब्याचा लोटा पाण्यात सुंदर दिसतो, आणि तांबे माणसाच्या पाण्याला चांगले असे आपण ऐकत आलो आहोत. माशांच्या पेटीत हे लागू नाही. तांबे पाण्यात उतरले की कोळंबी आणि गोगलगायी आधी जातात, मग मासे. आणि पाणी जितके मृदू तितके ते अधिक जहरी. माशांच्या काही रोगांवर तांब्याचे औषध देतात हे खरे, पण ते मोजून, थेंबाथेंबाने. जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेचेही तेच.

कोकणातल्या वाचकांसाठी शंख-शिंपल्यांचे वेगळे सांगायला हवे. सुट्टीत गावी गेलेली मुले समुद्रावरून पिशवीभर शिंपले आणतात आणि पेटीत ओततात. शिंपले म्हणजे चुनाच. तो हळूहळू विरघळतो, पाणी जड आणि अल्कधर्मी होते. मॉली, गप्पी यांना असे पाणी मानवते; टेट्रासारख्या मृदू पाण्यातल्या माशांना ते सोसत नाही. संगमरवराचे तुकडेही याच जातीचे. दगड चुन्याचा आहे का हे पाहायला त्यावर स्वयंपाकघरातल्या सिरक्याचे चार थेंब टाका. फेस आला तर चुना आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण या परीक्षेत सहसा शांत राहतो, आणि तो फुकट मिळतो. प्रवाळ मात्र आणूच नका, विकतही घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांना संरक्षण आहे, काही जातींच्या शंखांनाही.

रंगीत खडे घेतले असतील तर पांढऱ्या बादलीत आठवडाभर भिजत ठेवा. किल्ला, पूल हेही तसेच. पाण्याला रंग उतरला, वर तेलकट तवंग आला, वास आला किंवा ओल्या कापसाला रंग लागला, तर वस्तू परत करा. मात्र आम्ही शिक्षक असल्यामुळे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही: ही परीक्षा नापास करणारी आहे, पास करणारी नाही. तांबे किंवा शिसे उतरले तरी पाणी नितळच दिसते. तेव्हा वस्तू कशाची आहे हे दुकानदाराला धड सांगता येत नसेल तर ती दुकानातच राहू द्यावी. खड्यांचे मापही पाहावे. गोल्डफिश खडे तोंडात घेऊन चघळतो आणि बरोब्बर तोंडाच्या मापाचा खडा घशाशी अडकतो. एक तर बारीक वाळू घ्या, नाहीतर तोंडात मावणार नाहीत असे गोटे. पाण्यात फुगणारे रंगीत जेलीचे मणी काही घरांत पेटीत घालतात. ते माशालाही घातक आणि घरात रांगते बाळ असेल तर त्याहून घातक, कारण ते पोटात जाऊन फुगतात.

मग पेटी उघडी ठेवायची का? मुळीच नाही. लपायला जागा नसेल तर मासा घाबरलेला राहतो. कुंभाराकडची रंग न दिलेली, चकाकी न चढवलेली मातीची छोटी कुंडी आडवी ठेवा. नारळाची करवंटी शेंडी काढून, पाणी गढूळ होणे थांबेपर्यंत दोन-तीनदा उकळा, कडेला मोठे दार कापा. किल्ल्यापेक्षा चांगले घर होते. लाकूड ठेवल्यास पाणी चहासारखे तांबूस होईल, त्याने घाबरू नये. शाळांच्या आवारात असते त्या देशी बदामाची, गळून वाळलेली, औषध न फवारलेली दोन पाने फायटरच्या पाण्यात टाकतात, तोही रंग निरुपद्रवी असतो. आणि विज्ञानाच्या पुस्तकात प्राणवायूच्या प्रयोगात असते ती हायड्रिला खरोखरच लावून पाहा. प्लॅस्टिकच्या झाडाला तिची सर नाही.

धुताना साबण, डिटर्जंट, भांड्यांची पावडर यांतले काही वापरू नये. आणि सगळी सजावट एकाच दिवशी नळाखाली घासू नये. त्या खड्यांवर, दगडांवर उपयोगी जिवाणू वसलेले असतात. माशांच्या विष्ठेतून होणारा अमोनिया तेच निकामी करतात. नळाच्या क्लोरीनने ते मेले की पाणी स्वच्छ दिसते आणि दोन दिवसांत मासे वर येऊन धापा टाकू लागतात. पेटीतूनच काढलेल्या पाण्यात, एका वेळी एक-दोन वस्तू धुवाव्यात.

बुडबुड्यांच्या पाणबुड्याबद्दल एक सावधगिरी, ही माशासाठी कमी आणि घरच्यांसाठी जास्त. त्याची नळी बाहेरच्या हवेच्या पंपाला जोडलेली असते. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल आणि वीज गेली, तर पाणी नळीतून उलटे पंपात उतरू शकते. पंप पेटीपेक्षा उंच टांगावा, किंवा नळीत उलट प्रवाह अडवणारा दहा-वीस रुपयांचा व्हॉल्व्ह बसवावा. वायर सॉकेटकडे जाताना आधी खाली झुकलेली असावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत न जाता तिथेच टपकते. पेटीत हात घालण्यापूर्वी स्विच बंद करावा, मुलांना तर हे पहिल्या दिवशीच शिकवावे.

नवी वस्तू ठेवल्यावर एक-दोन दिवसांत मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले, अंग घासू लागले किंवा कोपऱ्यात निपचित बसले, तर आधी ती वस्तू बाहेर काढा. तिसरा हिस्सा पाणी काढून, बादलीत चोवीस तास उघडे ठेवलेले, पेटीइतक्याच गरमाईचे पाणी घाला. असे पाणी तयार नसेल तर क्लोरीन घालवणाऱ्या औषधाचे थेंब टाकून घाला. हवेचा पंप चालू ठेवा, त्या दिवशी खाणे देऊ नका, मीठ आणि तीन प्रकारची औषधे एकदम ओतू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिसरा हिस्सा बदला.