शुक्रवारची एक संध्याकाळ राखून ठेवा

मालेगावात ऐकणारी माणसं नाहीत, असं मला कुणी सांगू नये. मुशायरा रंगला तर इथे पहाटेपर्यंत कुणी जागचं हलत नाही. चंदनपुरीला खंडोबाच्या जागरणाला रात्र पुरत नाही. शुक्रवारी माग बंद असले की गाव सिनेमाला लोटतं, आणि तेवढ्यावर भागलं नाही म्हणून याच गावाने स्वतःचा ‘शोले’ काढला, स्वतःचा सुपरमॅन उडवला. अशा गावात पक्ष्यांवर, सापांवर, नदीवर संध्याकाळचं व्याख्यान ठेवलं आणि समोर वीस-पंचवीस डोकी दिसली, की आयोजक हात झटकून मोकळे होतात: लोकांना आवडच राहिली नाही हो. मला हे पटत नाही. आवड आहे, तिला बसायला जागा आणि वेळ आपण ठेवला नाही.

निसर्गावर बोलणं अगदीच थांबलंय असं नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह येतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर डॉ. सलीम अलींचा, या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. पण बहुतेक कार्यक्रम होतात कुठे? शाळेत, सकाळी अकराला, रांगेने आणून बसवलेल्या पोरांपुढे. त्या वेळी त्यांचे वडील मागावर असतात नाहीतर डाळिंबाच्या बागेत, आई कांदा निवडायला गेलेली असते. ज्यांच्या घरात साप निघतो, ज्यांच्या उसात बिबट्या असतो, त्या मोठ्या माणसांसाठीची संध्याकाळ मात्र हातची चालली आहे. ती वाचवायची म्हणून हा लेख.

संध्याकाळी चार माणसांनी जमून जाणत्याचं ऐकायचं, ही चाल आपल्याकडे जुनी आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. नाशिकची वसंत व्याख्यानमाला १९२२ पासूनची. ती गोदाघाटावर, देवमामलेदार यशवंतराव महाराज पटांगणावर भरते. तिकीट नाही, ओळख लागत नाही, नदीकाठी यायचं आणि बसायचं. ज्यांच्या नावाचं ते पटांगण, ते देवमामलेदार आपल्या शेजारच्या सटाण्याचे. दुष्काळात सरकारी खजिना लोकांना वाटून टाकणारे. म्हणजे उघड्यावरच्या त्या बैठकीशी या भागाचं नातंही आहे.

आता कुणी म्हणेल, बिबट्या-साप सगळं मोबाइलवर दिसतं, मग व्याख्यान कशाला? मण्यारचंच उदाहरण घेऊ. तो रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेत चावतो. दात इतके बारीक, की खूण शोधून सापडत नाही. फारशी सूज नाही, दुखणंही नाही. पहाटे माणूस पोटात कळ येते, घसा धरलाय म्हणत उठतो. घरचे ओवा देतात, गरम पाणी देतात. मग पापण्या जड होतात, जीभ अडखळते, आणि दवाखान्यात नेईतो श्वास अडकायला लागतो. हे व्हिडिओत सांगता येईल, नाही असं नाही. पण कांद्याच्या चाळीत उंदीर असतात, उंदरामागे साप येतो आणि राखणीला आपला माणूस त्याच चाळीपाशी सतरंजी टाकून झोपतो, हे त्या व्हिडिओवाल्याला कुठे ठाऊक? गावातला सर्पमित्र हे सांगतो. तो नुसतं सांगत नाही, सतरंजी अंथरतो, मच्छरदाणी लावतो आणि तिची कड चारी बाजूंनी सतरंजीखाली कशी खोचायची ते करून दाखवतो. नुसती टांगलेली मच्छरदाणी डास अडवते, खोचलेली मण्यारलाही अडवते. मग मागून एक आजीबाई विचारतात, “आमच्या मळ्यात कुकरच्या शिट्टीसारखं वाजतं, ते काय?” ती घोणस. त्या एका प्रश्नाने सगळी सभा सावरून बसते. देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजारांच्या आसपास माणसं जातात, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यात बहुतेक खेड्यातली. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर चालणारं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मिळतं; मांत्रिकाकडे घालवलेला तास मात्र परत मिळत नाही.

बिबट्याचंही तेच. शेजारच्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतशिवारात कॅमेरे लावून मोजणी केली, तेव्हा १०० चौरस किलोमीटरमागे पाचच्या घरात प्रौढ बिबटे निघाले. जंगलात नव्हे, उसात, वस्त्यांच्या आसपास. जुन्नरच्या अनुभवावरून त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली: एका ठिकाणचा बिबट्या पकडून दुसरीकडे सोडला की त्रास कमी होत नाही, उलट वाढू शकतो. ऊसतोडीत पिल्लं सापडली की आपल्याकडे पहिली गर्दी होते ती फोटोला. पिल्लं हातोहात फिरतात. अशा वेळी काय करायचं ते ज्यांनी एकदा ऐकलेलं असतं ते मात्र वनखात्याला फोन करतात, गर्दी हटवतात. संध्याकाळी पिल्लं क्रेटमध्ये घालून सापडली त्याच जागी ठेवतात. रात्री आई येते, क्रेट पालथं करते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. जुन्नरकडे, नाशिककडे असं अनेकदा झालंय. पिल्लं गमावलेली मादी शिवारात सैरभैर फिरण्यापेक्षा हे बरं, हे पटायला त्या गावातल्या माणसाला समोर बसून दोन उलटे प्रश्न विचारता आले पाहिजेत. “आणि ती आलीच नाही तर?” हा प्रश्न स्क्रीनला विचारून उपयोग नाही.

भीतीचंच बोलायचं असंही नाही. रानपिंगळ्याची गोष्ट आपल्या खानदेशची, पण किती जणांनी ऐकली आहे? पक्षी अभ्यासक ह्यूमने १८७३ साली या घुबडाला नाव दिलं. १८८४ नंतर ते कुणाला दिसेना. पुढे माइनर्टझहागन नावाच्या इंग्रज कर्नलने दावा केला, की १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ आपण ते मारलं. झालं, शोधणारे भलत्याच वाटेला लागले. प्रत्यक्षात तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, वर नवी चिठ्ठी लावलेला होता. ही लबाडी पक्षी अभ्यासक पामेला रासमुसेन यांनी पकडली, कर्नलचा दावा बाजूला ठेवला आणि जुन्या खऱ्या नमुन्यांचा माग काढत त्या आणि त्यांचे दोन सोबती १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याला आले. तिथे भर दिवसा, निष्पर्ण झाडावर, रानपिंगळा बसलेला! ११३ वर्षं ‘संपला’ म्हणून गणलेला पक्षी. चोरी, तपास, सात समुद्रापलीकडून आलेली बाई आणि शेवट शहाद्यात. यावर तर मालेगावात सिनेमा निघायला हवा होता.

दोष व्याख्यानांचाही आहे, तोही बोलून टाकतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सगळ्यांना शाल-श्रीफळ, मग अध्यक्षांचं ‘मी आपला जास्त वेळ घेणार नाही’. वक्ता उभा राहतो तेव्हा लोकांचं जेवण थंड झालेलं असतं. तोही उभा राहून आफ्रिकेतले सिंह दाखवतो. गिरणा धरणावर हिवाळ्यात कोण पाहुणे उतरतात, गाळण्याच्या डोंगरावर काय उगवतं, संक्रांतीच्या नायलॉन मांजाने कुणाचे पंख कापतात, यावर चकार शब्द नाही. आणि बोलणार मोसम नदीवरच्या पुलाच्या एकाच बाजूला, एकाच भाषेत. पुलापलीकडच्या कारागिराला त्याचं निमंत्रणही जात नाही. मोसमचं पाणी काळं झालं ते दोन्ही काठांच्या घाणीने, मग ऐकायला एकच काठ का बोलवायचा?

म्हणून माझी मागणी साधी आहे. महिन्यातला एक शुक्रवार राखून ठेवा. माग बंद असतात, रस्ते मोकळे असतात. मगरिब आणि इशाच्या नमाजांमध्ये सव्वा तासाच्या आसपास वेळ असतो. व्याख्यान त्यात बसवा. चाळीस मिनिटं बोलणं, उरलेला वेळ प्रश्न. एवढ्या वेळात सत्कार मावत नाहीत, हा त्यातला आणखी एक फायदा. एक महिना कॅम्पात, पुढचा पुलापलीकडे, त्यापुढचा दाभाडीला किंवा झोडग्याला. मराठीत बोला, उर्दूत बोला, अहिराणीत बोला. समजायचं ते समजतं.

वक्ते आणायला मुंबई-पुण्याला गाडी पाठवू नका. एवढा मोठा पक्षिकोश करणारे चितमपल्ली पक्षी शिकले ते नवेगाव बांधच्या माधवराव पाटलांकडून आणि रानात राहणाऱ्या माणसांकडून. चिमण्यांसाठी जगभर २० मार्च पाळायची सुरुवात २०१० साली झाली, त्यामागचे मोहम्मद दिलावर आपल्या नाशिकचे. तेव्हा गिरणेत जाळं टाकणाऱ्याला बोलवा, माळावर मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या धनगराला बोलवा. मधमाश्या का कमी झाल्या ते डाळिंबवाल्याकडून ऐका. सोबत मसगा महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे, प्राणिशास्त्राचे प्राध्यापक बसवा. एकाने पाहिलेलं सांगावं, दुसऱ्याने त्याचं कारण. वनखात्याचा माणूस श्रोत्यांत असू द्या, मंचावर नको.

पहिला विषय सापांचा घ्या आणि तो जूनच्या आधी घ्या, पाऊस पडल्यावर नको. शाळांनी संध्याकाळी वर्गाची चावी द्यावी, वाचनालयांनी अंगण द्यावं, गणेश मंडळांकडे माइक पडून असतात, त्यांनी तो द्यावा. एखाद्या माग कारखानदाराने पडद्यासाठी पांढरं कापड दिलं तर त्याला काय जड आहे, या गावात! तुम्ही मात्र एकटे येऊ नका. घरातलं एक म्हातारं माणूस आणि एक पोर घेऊन या, आणि मळ्यात, छपरावर, नदीकाठी जे पाहिलंय पण नाव ठाऊक नाही, असा निदान एक प्रश्न बरोबर आणा.