परवाना आहे, पण कुठवर?

"लायसन है ना, फिर कायकू डरना?" आमच्या नात्यात ज्याच्या घरी बंदूक आहे त्याच्या तोंडी हे वाक्य हमखास असते. मामूही हेच म्हणत. मामू नांदेड जिल्ह्यातले शेतकरी. रानडुकरांपासून पीक राखायला बारा बोअरची जुनी बंदूक, आजोबांकडून रीतसर त्यांच्या नावावर झालेली. नूतनीकरण वेळेवर, निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा, पावती जपून ठेवलेली. असा सरळ माणूस.

तीन वर्षांपूर्वी ते लेकीच्या बाळंतपणाला हैदराबादला गेले. जाताना रेल्वेने, येताना जावयाने हौसेने विमानाचे तिकीट काढून दिले. विमानतळावर त्यांच्या रेक्झिनच्या पिशवीच्या फाटक्या अस्तरात एक काडतूस सापडले. मामूंनी परवान्याची झेरॉक्स पुढे केली. त्यावर क्षेत्राच्या रकान्यात लिहिले होते : महाराष्ट्र राज्य. मामू उभे होते तेलंगणात. त्यानंतरचे प्रश्न काडतुसाविषयी नव्हतेच. नमाजला कुठल्या मशिदीत जाता? मुले काय करतात? परदेशात कोण आहे? रात्र ठाण्यात गेली.

१९५९चा शस्त्र कायदा केंद्राचा आहे. २०१६च्या नियमांप्रमाणे प्रत्येक परवानाधारकाचा क्रमांक देशपातळीच्या नोंदीत असतो. म्हणजे मामू कोण, हे परराज्यातल्या अधिकाऱ्यालाही तपासता यावे. तरी परवाना कुणाचा जिल्ह्यापुरता, कुणाचा राज्यापुरता, कुणाचा देशभराचा. या हद्दींना माझा विरोध नाही. बंदुका मोकाट फिराव्यात अशी माझी मागणी नाही, उलट त्या कमीच असाव्यात असे मला वाटते. पण हद्द ओलांडलेला परवानाधारक आणि गावठी कट्टा विकणारा यांत फरक करायचा की नाही? परवान्याची अट मोडली तर कलम ३० आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवानाच नसेल तर कलम २५, आणि ते फार जड. मामूंवर २५ लागले.

'जाणीवपूर्वक ताबा' हवा, नुसते सापडणे पुरेसे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली गुणवंतलाल खटल्यात सांगितले आहे. बॅगेत विसरलेल्या एकट्या काडतुसाचे गुन्हे उच्च न्यायालये याच आधारावर रद्द करत आली आहेत. मामूंचाही झाला. पण त्याआधी दीड वर्ष तारखा, वकील आणि विकलेली एक म्हैस. न्यायालयाला जे माहीत आहे ते ठाण्यात माहीत का नसावे?

कोडगूच्या कोडव समाजाला त्यांच्या जिल्ह्यात बंदुकीसाठी परवानाच लागत नाही. इंग्रजांच्या काळापासूनची ही सूट केंद्राने २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, खुशाल बाळगोत. मी एवढेच म्हणतो की जन्मावरून एखाद्या समाजावर विश्वास टाकणे सरकारला जमते. मग मामूंचे नाव ऐकल्यावर काडतूस बाजूला राहून मशीद का आठवते?

आता आपल्या लोकांशीही दोन शब्द. किती जणांनी आपला परवाना शेवटपर्यंत वाचला आहे? निकाहाच्या वरातीत भाच्याच्या हाती बंदूक देऊन फोटो काढणारे मी पाहिलेत. परवाना माणसाच्या नावावर असतो, खानदानाच्या नाही. परराज्यात न्यायचीच असेल तर आधी अर्ज करून क्षेत्र वाढवून घ्या. विमानाने न्यायची तर ती रिकामी करून, काउंटरवर सांगून, सामानात द्यावी लागते. काडतुसे मोजून डब्यात ठेवा, पिशवीत नको. मामूंची चूक झालीच होती, ते मी नाकारत नाही. मामी तर त्यांना अजून ऐकवते.

गुन्हा रद्द झाल्यावर मामू पिशवी परत मागायला गेले. मुद्देमालाच्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडे होती ते साहेब रजेवर होते.