धूर कोणाच्या खात्यावर?

हवामान बदलते आहे की नाही, हा वाद आपल्या तेल कंपन्यांपुरता तरी मिटला आहे. भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम यांनी 2040, तर इंडियन ऑइलने 2046 हे 'नेट झिरो'चे साल जाहीर केले आहे. देशाने 2070 ची मुदत घेतली असताना हे कौतुकास्पदच. पण या हिशेबात रिफायनरीच्या धुराड्यातला धूर धरला आहे, कंपनीने वापरलेली वीज धरली आहे. पंपावर विकलेल्या इंधनाचा धूर धरलेला नाही. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. विहिरीपासून गाडीच्या सायलेन्सरपर्यंतच्या उत्सर्जनात सिंहाचा वाटा याच शेवटच्या टप्प्याचा. थोडक्यात, कबुली पूर्ण दिली. जबाबदारी मात्र लहानशा हिश्शाचीच घेतली.

लपवाछपवीचा ठपका आपल्या कंपन्यांवर ठेवता येत नाही, हेही नोंदवले पाहिजे. एस्सोचा इथला व्यवसाय सरकारने 1974 मध्ये ताब्यात घेतला, त्यातून हिंदुस्थान पेट्रोलियम उभी राहिली; 1976 मध्ये बर्मा-शेलही ताब्यात आली, तिचीच पुढे भारत पेट्रोलियम झाली. एस्सोच्या अमेरिकेतल्या मूळ कंपनीला, म्हणजे एक्झॉनला, तिच्याच शास्त्रज्ञाने 1977 मध्ये तापमानवाढीचा इशारा दिला होता. तरीही ती पुढे कित्येक वर्षे जाहिरातींतून शंका पेरत राहिली. याच विषयावरचा शेलचा गोपनीय अहवाल 1988 चा. तो वारसा आपल्याकडे आलेला नाही. म्हणूनच इथल्या कंपन्यांना पूर्ण हिशेब मांडणे अवघड जाऊ नये.

'आम्ही फक्त विकतो, जाळतो ग्राहक' हा यावरचा नेहमीचा बचाव. कायद्याने तो इतरत्र केव्हाच मोडीत काढला आहे. सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीतून गॅरेजवाला जे काळे ऑइल काढतो, त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी 1 एप्रिल 2024 पासून ते ऑइल विकणाऱ्या कंपनीवर टप्प्याटप्प्याने आली आहे. वीज केंद्रांच्या राखेलाही कायद्याने धनी नेमला आहे, फक्त इथे तो कोळसा जाळणारा. जुलै 2022 मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटून राखेचा चिखल शेतांत पसरला. त्याआधीच, 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने, वापराविना पडून राहिलेल्या राखेवर टनामागे 1,000 रुपये भरपाई ठरवली होती. राख डोळ्यांना दिसते म्हणून तिला धनी मिळाला. त्याच कोळशातून वजनाने राखेच्या कितीतरी पट कार्बन डायऑक्साइड निघतो. तो दिसत नाही, म्हणून बेवारस.

ऑइल गोळा करता येते, धूर कसा करणार, ही शंका रास्त आहे. पण जो गोळा करता येत नाही, त्याचा निदान आकडा मांडता येतो, तो दरवर्षी उतरता ठेवता येतो आणि नफ्यातला वाटा त्यासाठी बांधून घेता येतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भारताचे दरडोई उत्सर्जन कमी, शिवाय कंपन्या सरकारी, तेव्हा भुर्दंड अखेर गरिबालाच बसेल. जगाच्या दरबारात भारताची बाजू न्याय्यच आहे. पण भुर्दंड गरिबाला आजही बसतोच आहे. मे महिन्यात नागपूरच्या सीताबर्डीवरच्या हातगाडीवाल्याचा दुपारचा धंदा बुडतो आणि उष्माघाताच्या आराखड्याचा खर्च महापालिकेच्या माथी येतो. पैसे कोणीतरी भरतोच; प्रश्न एवढाच, की विकून नफा मिळवणाऱ्याने त्यातले किती भरावेत.

सुरुवात साधी आहे. सेबीच्या अहवाल-नमुन्यात विकलेल्या मालाच्या उत्सर्जनाचा आकडा आज ऐच्छिक रकान्यात आहे. तो बंधनकारक करावा. तेल कंपन्यांना, आणि ज्या कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, तिलाही. दिवाळी अंक जाहिरातींवर उभा असतो आणि सार्वजनिक कंपन्यांच्या जाहिरातींना त्यात मानाचे पान असते. म्हणूनच ही मागणी संपादकीयाच्या पानावर करणे आम्हाला अगत्याचे वाटते.