मुलींना कोंडू नका, तक्रार नोंदवा



१८ एप्रिल २०२४ रोजी हुबळीत एका विद्यार्थिनीची कॉलेजच्या आवारात भरदिवसा हत्या झाली. पुढच्याच महिन्यात, १५ मे रोजी, वीरापूर ओणीत दुसऱ्या तरुणीला पहाटे राहत्या घरात मारले. तेव्हापासून आपल्या घराघरांत एकच सूर : मुलींना एकटे बाहेर पाठवू नका. पण दुसरी तर घरातच होती! धमकीची गोष्ट घरच्यांनी आधी पोलिसांच्या कानावर घातली होती. दुर्लक्षाबद्दल पोलीस निलंबित झाले, पण मुलगी गेली ती गेलीच.

म्हणून तोंडी सांगून थांबू नका. पाठलाग करणे हा २०१३ पासून गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पहिल्याच वेळी ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आम्ही बँकेत रोज पाहतो, पैसे भरणारा पावतीशिवाय काउंटर सोडत नाही. पोलीस ठाण्यातूनही एफआयआरची प्रत घेतल्याशिवाय उठू नये. ती मोफत मिळणे हा आपला हक्क आहे.

‘लोक काय म्हणतील’ या भीतीने आपण गप्प बसतो, आणि त्याचेच फावते. मुलगी म्हणाली, ‘कोणीतरी मागे येतो’, तर तिचे कॉलेज नव्हे, त्याचे मागे येणे बंद करा.