'रिफिफी' आणि लुईझचा प्रश्न

वाचकहो, दरोडेखोरांच्या चित्रपटाला कुटुंबाच्या पानात जागा द्यावी काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, चित्रपट दरोडेखोरांचा आहे म्हणून तो दरोडेखोरीची भलामण करतोच असे नाही. 'रिफिफी' हा जुना फ्रेंच चित्रपट नुकताच आमच्या पाहण्यात आला. त्याविषयी आज चार शब्द.

हा कृष्णधवल चित्रपट १९५५ साली फ्रान्समध्ये प्रदर्शित झाला. 'रिफिफी' हा पॅरिसच्या गुंडांच्या बोलीतला शब्द. आपल्याकडच्या 'राडा' या शब्दाच्या जवळ जाणारा. अमेरिकेतील क्रायटेरियन कंपनीने २०१४ साली त्याची दुरुस्त केलेली प्रत ब्ल्यू-रे डिस्कवर आणली. अशा दुरुस्तीत जुन्या फिल्मचे एकेक चित्र यंत्रातून उतरवून घेतात आणि त्यावरची धूळ, ओरखडे, डाग काढतात. एका सेकंदाला २४ चित्रे, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाला पावणेदोन लाखांच्या आसपास चित्रे होतात. एवढी उस्तवार कशासाठी, हे पडद्यावर पाहिल्यावर कळते. रेघांचा पाऊस नाही, आवाजाची खरखर नाही. पॅरिसचे ओले रस्ते, पहाटेचा धूसर उजेड आणि माणसांच्या चेहऱ्यावरचा थकवा अगदी स्वच्छ दिसतो.

कथा साधी आहे. टोनी पाच वर्षांची शिक्षा भोगून सुटला आहे. तो खोकल्याने पोखरलेला आणि एकाकी आहे. जो आणि मारिओ हे त्याचे मित्र, तर सेझार हा इटलीहून आलेला तिजोरी फोडणारा. चौघे मिळून जवाहिऱ्याचे दुकान फोडायचे ठरवतात. दुकानातल्या धोक्याच्या घंटेसारखीच घंटा आणून ते तिच्यावर आधी प्रयोग करतात. आग विझवण्याच्या नळकांड्यातला फेस आत सोडला की घंटा गप्प होते, हे त्यांना सापडते. मग वरच्या मजल्याची जमीन फोडून खाली उतरायचे. भोकातून छत्री खाली सोडून ती उघडायची, म्हणजे पडणारा चुरा छत्रीत साचतो आणि आवाज होत नाही.

हा प्रसंग सुमारे अर्धा तास चालतो. त्यात एकही संवाद नाही आणि संगीतही नाही. संगीतकार जॉर्ज ओरिक यांनी त्यासाठी संगीत रचले होते. दिग्दर्शकाने त्यांना तो प्रसंग संगीतासह आणि संगीताविना दाखवला, तेव्हा संगीत नको हे त्यांनीच मान्य केले. म्हणूनच या चित्रपटाला स्वच्छ प्रत हवी होती. जिथे हातोडीचा दबका ठोका आणि श्वास एवढेच ऐकायचे, तिथे फिल्मची खरखर आली तर सगळेच बिघडते.

आता दिग्दर्शकाविषयी. ज्यूल्स डॅसिन हे अमेरिकन. १९११ साली रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबात जन्मलेले आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात वाढलेले. तरुणपणी ते कम्युनिस्ट पक्षात होते. १९३९ साली त्यांनी पक्ष सोडला. पण १९५१ साली अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे त्यांच्याच धंद्यातल्या दोघा दिग्दर्शकांनी त्यांचे नाव घेतले आणि हॉलिवूडची दारे बंद झाली. १९५३ साली फ्रान्समध्ये एक चित्रपट मिळाला, तोही अमेरिकेच्या दबावामुळे ऐनवेळी गेला. बायको-मुले असलेल्या या माणसाने कितीतरी काळ कामाविना काढला. दुसऱ्यांची नावे सांगून काम परत मिळवण्याची वाट मात्र त्यांनी धरली नाही. अशा दिवसांत 'रिफिफी' हाती आला. त्यासाठी १९५५ सालीच त्यांना कान महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार विभागून मिळाला.

मूळ कादंबरी ऑग्युस्त ल ब्रेतों यांची. तिच्यात खलनायक म्हणून उत्तर आफ्रिकेतले अरब रंगवले होते. चित्रपट तयार होत असतानाच, नोव्हेंबर १९५४ मध्ये अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले. अशा वेळी काळ्यासावळ्या माणसाला खलनायक केले की गोरा प्रेक्षक टाळ्या पिटतो, हा हिशेब सोपा होता. डॅसिन यांनी तो नाकारला. त्यांच्या चित्रपटात खलनायक ग्रुटर हा पॅरिसमधलाच क्लबवाला आहे. एका समाजाच्या माथ्यावर सरसकट गुन्हेगारीचा शिक्का मारणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

पुढे सेझार लुटीतली एक अंगठी क्लबातल्या गाणाऱ्या बाईला देतो आणि सारे फुटते. ग्रुटरच्या धाकाने तो साथीदारांची नावे सांगतो. टोनी त्याला गोळी घालतो. सेझारची ही भूमिका पेर्लो विता या नावाने खुद्द डॅसिन यांनी केली आहे! तो प्रसंग लिहिताना ज्यांनी दगा दिला ते मित्र मनात होते, असे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. तरी सेझारला त्यांनी राक्षस केलेला नाही. तो हसरा, हौशी आणि भित्रा माणूस आहे. नावे सांगणारे बहुधा असेच असतात. उलट मारिओची बायको इडा फोनवरून ओरडून टोनीला सावध करते आणि जिवाला मुकते. आमच्या मते या टोळीत सर्वांत धाडसी तीच, आणि तिचा लुटीशी काही संबंध नव्हता.

मग ग्रुटरची माणसे जोच्या लहान मुलाला पळवतात. तेव्हा जोची बायको लुईझ नवऱ्याला एक प्रश्न विचारते. तुझ्यासारखी गरिबीत वाढलेली लाखो मुले आहेत. ती गुंड झाली नाहीत, मग तूच का झालास? आणि तिचे उत्तर असे की, खरे कणखर तेच, तू नव्हेस.

वाचकहो, आम्हाला हा साऱ्या चित्रपटाचा गाभा वाटतो. गरिबी होती म्हणून वाकड्या वाटेला गेलो, असे सांगणारे नायक पडद्यावर आपण पुष्कळ पाहिले. त्याच गरिबीत पहाटे उठून कामावर जाणाऱ्या, कर्ज फेडणाऱ्या, पोरांच्या फीसाठी पोटाला चिमटा घेणाऱ्या माणसांवर कोणी गाणी रचत नाही. लुईझ त्यांची बाजू घेते, तीही एका गुंडाच्या घरात उभी राहून. शेवटी टोनी पोराला सोडवून आणतो, पण गाडीत रक्त सांडून मरतो. लुईझ पोराला उचलते. लुटीच्या पैशांची बॅग गाडीतच राहते.

एक दोष सांगितलाच पाहिजे. टोनी आपल्या जुन्या मैत्रिणीला पट्ट्याने मारतो. मार कॅमेऱ्याआड घडतो, पण त्या काळाच्या नावाखाली आम्ही तो माफ करणार नाही. हाणामाऱ्या आणि खूनही आहेत. म्हणून लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नये. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींबरोबर मात्र जरूर पाहावा.

एक व्यवहाराची सूचना. ब्ल्यू-रे डिस्का विभागवार निघतात. अमेरिकेतली ही डिस्क 'ए' विभागाची, तर भारत 'सी' विभागात येतो. तेव्हा सर्व विभागांच्या डिस्का चालवणारा प्लेअर असेल तरच ती मागवावी. संवाद फ्रेंच असून खाली इंग्रजी ओळी येतात. घरातल्या शिकत्या मुलाने त्या मोठ्याने वाचून मराठीत सांगाव्यात. आई-आजीलाही चित्रपट कळेल आणि मुलाचे इंग्रजीही सुधारेल. लुईझचा प्रश्न आला की डिस्क जरा थांबवा आणि घरातल्या प्रत्येकाला विचारा, तुमचे उत्तर काय?